घरापासून लांब असताना संकट आलं तर? स्थलांतरितांच्या फोनने काय केलं आणि कुठे हात टेकले

गावात रात्री कुणी आजारी पडलं तर शेजारचा गाडी काढतो. घरातला किराणा संपला तर दुकानदार उधारीवर देतो, कारण तो तीन पिढ्यांपासून ओळखतो. पण तोच माणूस कामासाठी चाकणला, भिवंडीला, सुरतला किंवा थेट दुबईला गेला की यातलं काहीच हाताशी राहत नाही. हाताशी राहतो तो खिशातला फोन.

मग हा फोन खरंच कामाला येतो का? येत असेल तर त्यातलं नेमकं काय कामाला येतं?

याचं उत्तर शोधायला आपण दोन खऱ्या घटना बघूया. पहिली, २०२० चं लॉकडाऊन, ज्यात आपल्याच महाराष्ट्रात लाखो कामगार अडकले. दुसरी, २०२२ चं युक्रेन युद्ध, ज्यात आपल्याकडची मेडिकल शिकणारी मुलं सापडली. दोन्हीकडची माणसं वेगळी, फोन वेगळे, देशही वेगळे. पण दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. संकटात साधा कॉल, नावांची यादी आणि लोकेशनची पिन या गोष्टी चालल्या. ओटीपी, अपलोड आणि दहा रकाने मागणारा फॉर्म बऱ्याचदा अडकला. आणि जे चाललं, त्याची तयारी आधी केलेली असेल तरच ते नीट चाललं.

स्थलांतरितांचं संकट वेगळं का असतं?

पूर, आग, आजारपण किंवा युद्ध सगळ्यांवरच येतं. पण परगावी असलेल्या माणसाच्या अडचणी वाढतात त्या चार कारणांनी:

- कागद एका गावात, माणूस दुसऱ्या गावात. रेशन कार्ड, मतदार यादी, आधारवरचा पत्ता, सगळं मूळ गावाचं.
- भाषा. सूचना मराठीत येते आणि वाचणारा ओडिशाचा असतो. किंवा सूचना युक्रेनियन भाषेत येते आणि वाचणारा लातूरचा असतो.
- राहायची जागा स्वतःची नसते. खोली ठेकेदाराची किंवा कंपनीची. काम थांबलं की खोलीही जाऊ शकते.
- नंबर बदलतो. नव्या राज्यात नवं सिम घेतलं जातं, जुनं बंद पडतं. बँक आणि आधारचा ओटीपी मात्र जुन्याच नंबरवर जात राहतो.

हा चौथा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

२०२०: एक फोन कॉल आणि एक यादी

२४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि रात्री १२ पासून देश बंद झाला. प्रवासी रेल्वेगाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. बांधकामावरचे मजूर, कारखान्यातले कामगार, ऊसतोड करणारी कुटुंबं, सगळे जिथे होते तिथे अडकले. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या भागात अडकलेल्या लाखभराहून जास्त ऊसतोड कामगारांना गावी परतायची परवानगी मिळाली ती १७ एप्रिलला.

या काळात काही कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांनी मिळून 'स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क' म्हणजे 'स्वान' हे काम सुरू केलं. त्यांच्याकडे मोठं ॲप नव्हतं. पद्धत साधी होती:

१. अडकलेला कामगार हेल्पलाइनवर फोन करतो.
२. त्याची भाषा येणारा स्वयंसेवक त्याच्याशी बोलतो. तुम्ही किती जण आहात? कुठे आहात? धान्य किती दिवस पुरेल? हातात पैसे किती? मालकाने मजुरी दिली का?
३. उत्तरं यादीत भरली जातात.
४. जवळच्या प्रशासनाकडून किंवा संस्थेकडून रेशन मिळतंय का ते बघितलं जातं. जमलं नाही तर थोडे पैसे थेट खात्यात पाठवले जातात.
५. नंतर पुन्हा फोन करून विचारलं जातं की खरंच मिळालं का?

आता याची दुसरी बाजू बघा. एकट्या कामगाराने 'आमच्याकडे धान्य नाही' असं सांगितलं तर ती एक तक्रार असते. हजारो कामगारांची उत्तरं एका यादीत आली की तो पुरावा होतो. १५ एप्रिलला स्वानने पहिला अहवाल काढला. त्यात ११,१५९ कामगारांची माहिती होती. त्यातल्या ९६ टक्के लोकांना सरकारी रेशन मिळालं नव्हतं. ८९ टक्के लोकांना लॉकडाऊनच्या दिवसांची मजुरी मिळाली नव्हती. साधारण निम्म्या लोकांकडे एक दिवसही पुरेल इतकं धान्य नव्हतं. हे आकडे वर्तमानपत्रांत आले आणि देशाला कळलं की परिस्थिती किती वाईट आहे. या सगळ्याच्या मुळाशी होता तो एक साधा फोन कॉल.

बॅलन्स संपला की सगळं संपलं

इथे एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. प्रीपेड सिमची वैधता संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात आणि काही दिवसांनी येणारे कॉलही. लॉकडाऊनमध्ये रिचार्जची दुकानं बंद होती. ज्याच्याकडे यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही, तो रिचार्ज करणार कसा? आणि फोन बंद पडला तर मदत मागणार कशी?

मार्चच्या शेवटी ट्रायने कंपन्यांना प्रीपेड ग्राहकांचा विचार करायला सांगितलं. त्यानंतर एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने कमी उत्पन्न गटातल्या कोट्यवधी ग्राहकांची वैधता १७ एप्रिलपर्यंत वाढवली आणि वर १० रुपयांचा टॉकटाइम दिला. बीएसएनएलनेही वैधता वाढवून १० रुपये दिले. जिओने जिओफोनवाल्यांना १०० मिनिटं आणि १०० एसएमएस दिले.

१० रुपये! आपल्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण उपाशी बसलेल्या माणसासाठी तो हेल्पलाइनला लागणारा एक कॉल होता, आणि घरी 'मी जिवंत आहे' हे सांगणारा दुसरा.

कॉल चालू राहिले म्हणजे सगळं सुटलं असं मात्र नाही. घरी जायचं तर पुढे फॉर्म होता.

फॉर्म भरला, पुढे काय?

१ मे २०२० पासून श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या. पहिली गाडी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडमधल्या हटियाला गेली. पुढच्या काही महिन्यांत ४,६०० हून जास्त गाड्यांमधून सुमारे ६३ लाख लोक घरी पोचले. हा आकडा खूप मोठा आहे आणि त्यामागे प्रचंड काम आहे.

पण त्या गाडीत बसण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागायचं. वेगवेगळ्या राज्यांची पोर्टल वेगवेगळी. महाराष्ट्रातून निघायचं तर सुरुवातीला डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागायचं. ज्याच्याकडे कीपॅडचा फोन आहे, जुनं सिम बंद आहे आणि फॉर्मची भाषा येत नाही, त्याने हे करायचं कसं?

मुंबईसारख्या शहरात यावर तोडगा निघाला तो गटाने. वीस-पंचवीस जणांमधला एक जण पुढारी व्हायचा. सगळ्यांची नावं, फोन नंबर, आधार नंबर आणि जायचा जिल्हा अशी यादी करून तो पोलीस ठाण्यात द्यायचा. गाडी ठरली की त्याला फोन यायचा. म्हणजे वीस-पंचवीस जणांचं घरी जाणं एका फोनच्या चार्जिंगवर अवलंबून असायचं.

सगळ्यांच्या वाट्याला तो फोन आला नाही. ८ मे २०२० ला पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, थकून रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. ही मध्य प्रदेशची माणसं जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होती. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ती चालत निघाली होती. वाचलेल्या साथीदारांनी सांगितलं की त्यांनी पाससाठी अर्ज केला होता, पण उत्तर आलं नव्हतं.

तंत्रज्ञानाबद्दल बोलताना ही घटना विसरून चालणार नाही. 'तुमचा अर्ज मिळाला' असा मेसेज म्हणजे मदत नाही. त्या अर्जाला उत्तर देणारा माणूस दुसऱ्या टोकाला असेल तरच त्या फॉर्मला अर्थ असतो.

अफवाही त्याच फोनवरून येते

१४ एप्रिल २०२० ला लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली. त्याच दिवशी मुंबईत वांद्रे स्टेशनबाहेर हजाराहून जास्त कामगार जमले. गावी जायला गाड्या सुटणार अशी बातमी पसरली होती. गाडी काही नव्हतीच. शेवटी पोलिसांनी लाठीमार करून गर्दी पांगवली.

ही माणसं भोळी होती म्हणून आली असं समजू नका. तीन आठवडे काम नाही, पैसे नाहीत, आणि अशा वेळी घरी जाण्याची बातमी आली तर कुणीही धावेल. संकटात खोटी बातमी जास्त धोकादायक ठरते ती यामुळेच. तिच्यावर विश्वास ठेवायची आपल्याला गरज असते.

पैशांचंही तसंच. २०२० मध्ये पीएम केअर्स फंडाच्या खऱ्या यूपीआय आयडीशी मिळतेजुळते खोटे आयडी फिरत होते. एखाद्या अक्षराचा फरक. घाईत तो कोण बघतो?

२०२२: युक्रेनमधली मुलं

आता दुसरी घटना. इथे सगळ्यांकडे स्मार्टफोन होते, इंग्रजी येत होतं, नेट बऱ्यापैकी चालू होतं. मग सगळं सोपं झालं का?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तिथे शिकणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांमध्ये महाराष्ट्रातली मुलंही होती. २६ फेब्रुवारीपासून 'ऑपरेशन गंगा' सुरू झालं आणि सुमारे २२,५०० भारतीय परत आले. विमानं पोलंड, रोमानिया, हंगेरी आणि स्लोव्हाकियातून सुटत होती. म्हणजे तिथपर्यंत पोचायचं काम मुलांनाच करायचं होतं.

मुलांचे व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम ग्रुप होते. कुठल्या सीमेवर किती गर्दी आहे, कुठली ट्रेन चालू आहे, कुठे एटीएममध्ये पैसे आहेत, हे सगळं ग्रुपवर. दूतावास ट्विटरवर सूचना देत होता. २ मार्चची सूचना बघा. खारकीव्ह ताबडतोब सोडा, संध्याकाळी ६ च्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा, वाहन नसेल तर चालत जा. ही गावं ११ ते १६ किलोमीटरवर. हातात काही तास. आदल्याच दिवशी त्याच शहरात एका भारतीय विद्यार्थ्याचा गोळीबारात मृत्यू झाला होता.

अशा वेळी ज्याने सकाळपासून फोन चार्ज केलेला नाही, किंवा ज्याच्याकडे त्या भागाचा नकाशा उतरवलेला नाही, त्याचं काय होईल विचार करा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दूतावासाने एक गुगल फॉर्म दिला. अजून युक्रेनमध्ये असलेल्या प्रत्येक भारतीयाने आपण कुठे आहोत ते त्यात भरायचं होतं. हा फॉर्म उपयोगी होता, कारण तो छोटा होता आणि त्याची वाट बघणारे लोक पलीकडे होते. लॉकडाऊनमधल्या पोर्टलशी याची तुलना करा, म्हणजे फरक कळेल.

सुमी शहरात मात्र सुमारे ७०० विद्यार्थी शेवटपर्यंत अडकले. पाणी नाही म्हणून त्यांनी बर्फ वितळवला. ५ मार्चला त्यांनी एक व्हिडिओ टाकला: आम्ही आता चालत सीमेकडे निघतोय, काही झालं तर जबाबदारी सरकारची. व्हिडिओ देशभर पसरला, सरकारने त्यांना थांबायला सांगितलं, आणि ८ मार्चला त्यांना बसने पोल्टावाला हलवण्यात आलं. व्हिडिओची ताकद इथे दिसते. पण आपण आता कुठून कुठे निघालोय हे युद्धात जाहीर सांगण्यातला धोकाही इथेच आहे.

हा धोका किती खरा आहे बघा. याच दिवसांत गुगलने युक्रेनमध्ये मॅप्सवरचं लाइव्ह ट्रॅफिक आणि कुठल्या ठिकाणी किती गर्दी आहे ही माहिती तात्पुरती बंद केली, कारण त्यावरून लोकांच्या हालचाली कळू शकत होत्या. म्हणून एक नियम पक्का ठेवा: लोकेशन माणसाला पाठवायचं, स्टेटसला टाकायचं नाही.

रेंज गेली तर फोनमध्ये काय चालू राहतं?

आता थोडं तांत्रिक समजून घेऊया. संकटात अनेकदा नेट आधी जातं. पण नेट गेलं म्हणजे फोन मेला असं नाही.

जीपीएस चालू असतं. तुमचा फोन उपग्रहांकडून सिग्नल घेऊन जागा शोधतो. त्याला ना सिम लागतं ना नेट. नेट लागतं ते नकाशाचं चित्र दाखवायला. नकाशा आधी उतरवलेला असेल तर नेटशिवायही निळा ठिपका दिसतो. फक्त नेट नसेल तर जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागू शकतो, त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. आणखी एक: गुगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता सांगतं, चालायचा नाही. पण चालताना नकाशा बघून दिशा कळते, तेवढं पुरतं.

एसएमएस जायची शक्यता जास्त. कॉलसाठी दोन्ही बाजूंना सलग जोडणी लागते. गर्दीत ती मिळत नाही. एसएमएस छोटा असतो आणि लगेच पोचला नाही तर नेटवर्क पुन्हा प्रयत्न करतं. म्हणून कॉल लागत नसेल तर दहा वेळा डायल करण्यापेक्षा एक एसएमएस टाका. आणि तो छोटा ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०.

आकड्यांतलं लोकेशन. व्हॉट्सॲपवर पिन पाठवायला नेट लागतं. पण मॅप्समध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, अक्षांश आणि रेखांश. ते एसएमएसने पाठवता येतात. दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहिले तरी साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी जागा कळते. 'पुलाच्या अलीकडे, मोठ्या झाडापाशी' यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर इमर्जन्सी कॉल त्यावरून जाऊ शकतो. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवर बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबून, आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरून हा कॉल लावता येतो. तुमच्या फोनवर नेमकं काय चालतं ते सेटिंगमध्ये आजच बघून ठेवा.

मोठ्याने वाजणारा इशारा. २०२३ मध्ये अचानक सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम मेसेज देतो. नंबरची यादी लागत नाही. त्यामुळे कालच शहरात आलेल्या माणसालाही इशारा मिळतो. फक्त त्याला ती भाषा वाचता आली पाहिजे. म्हणून असा इशारा आला की शेजारच्या खोलीतल्या परप्रांतीय मजुराला त्याचा अर्थ सांगा. एवढं तर आपण करूच शकतो.

२०२० नंतर काय बदललं?

- रेशन कुठेही. 'वन नेशन वन रेशन कार्ड' योजना जून २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. आता बोटाचा ठसा देऊन देशातल्या कुठल्याही रेशन दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं, आणि उरलेला वाटा घरचे लोक गावात घेऊ शकतात. माहितीसाठी 'मेरा राशन' ॲप आहे.
- ई-श्रम. असंघटित कामगारांची नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. नोंदणी झाली की १२ अंकी नंबर मिळतो. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला असेल तर हे घरबसल्या होतं, नसेल तर केंद्रावर जावं लागतं.
- साध्या फोनवरून यूपीआय. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे आणलं. त्याआधीपासून *९९# आहेच. दोन्हीला नेट लागत नाही. पण पिन आधी सेट केलेला हवा. संकट आल्यावर पिन सेट करायला बसू नका.
- फक्त कॉल-एसएमएसचा रिचार्ज. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना असे पॅक ठेवणं बंधनकारक केलं. घरच्यांचं जुनं, ओटीपीसाठीचं सिम जिवंत ठेवायला हे पॅक बघा.

यातली प्रत्येक गोष्ट चालू नंबरवर किंवा आधी केलेल्या नोंदणीवर अवलंबून आहे. म्हणूनच सुरुवातीला तो चौथा मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता.

आज अर्ध्या तासात करायचं काम

तुम्ही स्वतः शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर असाल तर:

१. राहता तो भाग आणि गावापर्यंतचा रस्ता ऑफलाइन मॅपमध्ये उतरवून ठेवा.
२. तीन नंबर पाठ करा आणि कागदावरही लिहून पाकिटात ठेवा. फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता आले पाहिजेत.
३. आधार, पासपोर्ट, विमा, कॉलेजचं किंवा कंपनीचं ओळखपत्र यांचे फोटो फोनमध्ये आणि घरातल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा. डिजिलॉकर चांगलं आहे, पण त्याला नेट आणि ओटीपी लागतो.
४. लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट आणि रक्तगट टाका.
५. रूम पार्टनर किंवा गाववाल्यांचा छोटा ग्रुप करा, आठ-दहा जणांचा. त्यात नाव, राहायचा पत्ता आणि घरचा नंबर अशी एक यादी पिन करून ठेवा. दोनशे जणांच्या ग्रुपपेक्षा ही यादी जास्त उपयोगी पडते.

घरातलं कुणी कामासाठी बाहेर असेल, वडील, काका, मामा किंवा ऊसतोडीला गेलेलं शेजारचं कुटुंब, तर त्यांच्यासाठी:

१. बँक आणि आधारला कुठला नंबर जोडलाय ते विचारा. तो बंद असेल तर पुढच्या वेळी गावी आल्यावर सगळ्यात आधी तो बदला.
२. ते कुठे राहतात ते पत्त्याने नाही, पिनने मागवा. पिन पाठवता येत नसेल तर त्यांच्या सोबतच्या कुणाकडून घ्या.
३. ठेकेदाराचा किंवा मुकादमाचा नंबर, आणि सोबतच्या दोन कामगारांचे नंबर तुमच्याकडे ठेवा.
४. त्यांचा रिचार्ज कधी संपतो त्याची आठवण तुमच्या फोनमध्ये लावा.

मनात येणारे काही प्रश्न

*लाइव्ह लोकेशन चालू ठेवू का?*
प्रवास करत असाल तर एका माणसासोबत, मर्यादित वेळेसाठी ठेवा. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असे पर्याय असतात. एका जागी अडकला असाल तर लाइव्ह नको, एकदाच पिन पाठवा. बॅटरी वाचते.

*बॅटरी १५ टक्के राहिली, काय करू?*
आधी एक एसएमएस: कुठे आहे, किती जण आहोत, पुन्हा फोन कधी चालू करणार. मग फोन एअरप्लेन मोडवर. सांगितलेल्या वेळी पाच मिनिटं चालू करा. रेंज कमी असलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते.

*परदेशात असेन तर?*
पोचल्या पोचल्या तिथल्या भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा आणि त्यांचा इमर्जन्सी नंबर सेव्ह करा. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे.

*ग्रुपवर आलेली बातमी खरी कशी ओळखू?*
तीन प्रश्न विचारा. कुणी सांगितलं? कधीची आहे? अधिकृत पानावर किंवा हेल्पलाइनवर तेच सांगतात का? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत फॉरवर्ड करू नका आणि बॅग उचलून निघूही नका.

थोडक्यात

लॉकडाऊनमध्ये स्वानच्या हेल्पलाइनवर फोन लागला, कारण पलीकडे उचलणारं कुणीतरी होतं. दूतावासाच्या फॉर्मला अर्थ होता, कारण तो वाचणारं कुणीतरी होतं. तुमच्या घरातला जो माणूस आज लांब आहे, त्याच्यासाठी ते 'कुणीतरी' बहुतेक तुम्हीच असणार आहात, कारण घरात फोन नीट समजतो तो तुम्हालाच. तेव्हा आज त्याला एक कॉल करा आणि तीन गोष्टी विचारा: नंबर कुठला जोडलाय, राहतोस कुठे, आणि तुझ्यासोबत कोण आहे. उत्तरं लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.